माझ्या मापाचा दस्ता

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे आणि स्वभावाने फार जळकी आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. गोष्ट ऐकताना तुम्हाला मध्येच माझा राग येईल. येऊ द्या. मला स्वतःलाही तो येऊन गेला आहे.

माझी नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग. नेम धरायला टोकावर एक मणी आणि मागे एक खाच, बस, एवढाच माझा साज. हैदराबादला काचीगुड्यात राहणाऱ्या हणमंतरावांनी मला पसंत करून घरी आणले. ते रेल्वेत नोकरीला होते आणि जहीराबादच्या पुढे त्यांची शेती होती. तिथल्या मक्यात रानडुकरे शिरत. एक कळप घुसला की उभे पीक आडवे होई. मग वनखात्याचे परवानगीचे पत्र येई आणि हणमंतराव मला घेऊन निघत. पत्र हातात नसताना त्यांनी माझा चाप कधी ओढला नाही.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. गावात शिरलो की लोक हणमंतरावांच्या आधी माझ्याकडे बघत. घरात एक दुनळी बंदूकही होती, पण ती कपाटातच असे. तिच्याकडे कुणी बघत नसे आणि मला ते फार आवडे.

मग एकदा जीपमधून उतरताना मी खाली पडले. टोकाचा मणी जरासा वाकला. हणमंतरावांना ते दिसले नाही. मला कळले होते, पण मी कुणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी गोळी डुकराच्या पोटात लागली. जखमी डुक्कर मक्यात शिरले, हणमंतराव त्याच्या मागे गेले आणि त्याने त्यांची मांडी फाडली. तेव्हापासून ते लंगडत चालतात.

दवाखान्यातून आल्यावर ते मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक नियम केला. शेतावर पोचले की आदल्या संध्याकाळी एका कागदावर काळा ठिपका काढायचा, तो तलावाच्या मातीच्या बांधाला लावायचा आणि त्यावर गोळी झाडून बघायची. ठिपक्याला लागली तरच दुसऱ्या दिवशी शिकार. याला आमच्या घरात ‘कागदाला विचारणे’ म्हणतात.

त्यांची मुलगी चारुलता माझ्यावरच शिकली. तिने पहिल्यांदा मला खांद्याला लावले तेव्हा ती कॉलेजात होती. पहिल्या धक्क्याने तिच्या डोळ्यांत पाणी आले, तरी तिने मला खाली ठेवले नाही. माझा दस्ता तिच्या खांद्याच्या खळगीत असा बसला की जणू सुताराने तिच्यासाठीच बेतला होता. पुढे ती हिमायतनगरच्या विमा कचेरीत लागली, नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागली आणि वनखात्याच्या नेमबाजांच्या यादीवर वडिलांच्या जागी तिचे नाव आले. मला वाटले, आता मी आणि ही, जन्मभर.

पण डुकरे शहाणी झाली. आमची जमीन कसणारा उमाजी एक दिवस घरी येऊन म्हणाला, “ताई, डुकरं आता माचाणाजवळ येतच नाहीत. तलावाच्या पल्याड निघतात, तीनशे पावलांवर.” माझी नजर शंभर पावलांची. त्यापुढे मी अंदाजाने बोलते, आणि अंदाजाने कुणाच्याही जिवाशी खेळू नये. चारुलताने लांब पल्ल्याची नवी रायफल घ्यायचे ठरवले.

आणि तिची निवड करायला मला बरोबर नेले! गौलीगुड्यात खलीलभाईंचे बंदुकांचे जुने दुकान आहे. मला तेलपाणी करायचे होते, म्हणून मी काउंटरच्या कोपऱ्यात आडवी पडून सगळे बघत होते. चारुलताने सर्वांत मोठ्या गोळीची रायफल मागितली. खलीलभाईंनी मान हलवली.

“बडी गोली देख के खुश नक्को होना, अम्मा. जिसका धक्का तुम सह सके, वोइच अच्छी. धक्के के डर से आँख मिच गई तो तीनसौ कदम पे क्या लगता?”

मग त्यांनी मधल्या मापाची एक काळीभोर, तुकतुकीत रायफल काढली. तिच्यावर दुर्बीण बसवली. चारुलताला म्हणाले, डोळे मिटून खांद्याला लाव, मग उघड. तिने उघडले की विचारत, पूर्ण गोल दिसतो का? नाही म्हटले की दुर्बीण केसभर मागे, केसभर पुढे. असे किती वेळा केले असेल! माझ्यासाठी कुणी कधी एवढे केले नव्हते. पुढे टेकायला तिला दोन पायही बसवले. दोन पाय! मी आयुष्यभर गोणीवर टेकले. मला इतका मत्सर वाटला की लाकूड नसते तर मी जागच्या जागी तापून लाल झाले असते.

दुर्बिणीवर दोन छोटी गोल बटणे होती. एकाने नेम वर-खाली करायचा, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. चुकून हात लागू नये म्हणून दोन्हींवर टोपणे. चारुलता तीन रविवार क्लबात गेली, एकेक गोळी झाडून ती बटणे एकेक ‘टिक’ करत फिरवत राहिली आणि नेम अगदी ठिपक्यावर आणला.

माझ्या जागेचा प्रश्न आला तो याच सुमारास. हणमंतराव थकले होते. त्यांचा परवाना आता पुढे चालवायचा नव्हता. चारुलताच्या परवान्यावर जागा दोनच. एक नवीने घेतली. दुसरी मला मिळणार की दुनळीला? उरलेली खलीलभाईंच्या दुकानात जमा होणार. ही नवी बया बिघडली आणि परत गेली तर मात्र दोन्ही जागा मोकळ्या. मी दिवसभर त्या कपाटात उभी राहून एवढेच मागत होते.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या शस्त्रांची, अवजारांची पूजा असते. पाटावर विळी, हातोडी, चारुलताचा लॅपटॉप आणि आम्ही तिघी. तिची आई सावित्रीबाई हळदीकुंकवाचे तबक घेऊन आल्या आणि नवीपाशी थांबल्या.

“अगंबाई, देवापुढं टोप्या घालून बसलीये का ही?” असे म्हणून त्यांनी दोन्ही टोपणे काढून ठेवली. बटणांवर बोटांनी भरपूर हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. मला एक चिमूट मिळाली. ती दुनळीलाही मिळाली.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी ओल्या फडक्याने सगळे पुसून काढले. नवीचे बटण त्यांनी बरणीचे झाकण पुसावे तसे गोल गोल पुसले. मी आवाज ऐकला, टिक टिक टिक टिक. बटण चांगले फिरले होते. सावित्रीबाईंनी टोपणे परत बसवली आणि त्या समाधानाने श्रीखंड करायला गेल्या. कुणाला काही कळले नाही. मला कळले आणि मी खूश झाले, मित्रांनो. अगदी मनापासून खूश झाले.

दोन दिवसांनी उमाजीचा फोन आला. पत्र तयार होते. चारुलताने नवीला घेतले. हणमंतराव म्हणाले, “जुनी पण असू दे,” म्हणून मीही गाडीत गेले. सणाहून परतणाऱ्यांच्या गर्दीत गाडी अडकली आणि शेतावर पोचेपर्यंत सूर्य खाली आला.

“बाबा, आज कागद नक्को,” चारुलता म्हणाली. “गेल्याच रविवारी नेम बसवलाय. उजेड चाललाय सगळा.”

मी मनात म्हटले, बरोबर आहे, नको विचारू. उद्या चुकू दे. गावासमोर फजिती होऊ दे तिची.

तेवढ्यात उमाजीची बायको मालनबाई चहा घेऊन आली. म्हणाली, “ताई, सकाळी लौकर आटपा बगा. तुमचं झालं की मला त्याच मक्यात वैरणीला जायचंय, म्हशी उपाशी हैत.”

मित्रांनो, ते ऐकले आणि माझा वाकलेला मणी मला आठवला. पोटात गोळी घेऊन मक्यात शिरलेले ते डुक्कर आठवले. या वेळी त्याच्या वाटेत विळा घेऊन वाकलेली मालनबाई असणार होती. मला ओरडायचे होते. पण मला दारूगोळ्याशिवाय आवाज नाही, आणि माझ्यात तर काडतूसच नव्हते. तेव्हा जशी मुकी होते, तशीच आजही मुकी.

हणमंतरावांनी बाजेवर बसून आपला लंगडा पाय हळूच पुढे पसरला आणि मांडीवरून हात फिरवला. चारुलताने त्या पायाकडे पाहिले. मग ती उठली आणि गाडीतून कागद काढला.

बांधाजवळ कुणी नाही, हे उमाजीने बघून घेतले आणि तो मागे आला. पहिली गोळी सुटली. धूळ उडाली ती कागदाच्या उजवीकडे, चांगली दोन हात लांब. दुसरीही तिथेच.

“ही मी परतच करते!” चारुलता चिडून म्हणाली. “खलीलभाईंना म्हणावं, घ्या तुमची राणी.”

हेच तर मी रात्रंदिवस मागितले होते. तरी मला आनंद झाला नाही. ती बिघडलेली नव्हती, हे माझ्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक होते?

“थांब की जरा,” हणमंतराव म्हणाले. “दोन्ही गोळ्या एकाच जागी लागल्यात. ती खोटी नाही बोलत. टोपण काढून बघ.”

तिने टोपण काढले. बटणाच्या खाचेत पिवळे काहीतरी होते. तिने नखाने खरवडले, वास घेतला आणि म्हणाली, “हळद!”

दोघेही इतके हसले की हणमंतरावांना ठसका लागला. मग चारुलताचे लक्ष रिकामे कप गोळा करणाऱ्या मालनबाईकडे गेले आणि तिचे हसू एकदम थांबले. तिने बटण मोजून मागे फिरवले. तिसरी गोळी ठिपक्याच्या कडेला लागली, चौथी बरोबर मध्यभागी.

सकाळी उजाडताना तलावापलीकडे कळप निघाला. दोन गोळ्यांत दोन डुकरे जागच्या जागी पडली, बाकीची पळाली. कुणाला कुणाच्या मागे मक्यात शिरावे लागले नाही. मालनबाई वैरणीचा भारा घेऊन गाणे गुणगुणत परतली. सगळा गाव नवीभोवती जमला. मी गाडीत, कापडी पिशवीत. खोटे कशाला सांगू, मत्सर लगेच परत आला.

घरी सावित्रीबाईंना सगळे कळले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “मी आपलं देवाचं म्हणून केलं,” त्या म्हणाल्या.

“आई, ती टोपी नाही,” चारुलता म्हणाली. “तिचा पदर आहे तो. पदर घेऊन पूजा चालते ना?”

“हौ, ते चालतं,” सावित्रीबाई म्हणाल्या आणि प्रश्न मिटला.

परवान्यावरची दुसरी जागा दुनळीला मिळाली. एखादे जनावर जवळून अंगावर आलेच, तर तिथे तिचा उपयोग जास्त. चारुलताचा हिशेब बरोबर होता. पण ज्या दिवशी ती मला जमा करायला गौलीगुड्याला आली, त्या दिवशी नवीही तिच्या बरोबर होती.

“खलीलभाई, हिचा दस्ता खांद्याला लांब पडतो,” ती म्हणाली. “जुनीचं माप घ्या आणि तेवढाच करा. माझा खांदा तिच्यावर घडलाय.”

खलीलभाईंनी माझ्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत टेप लावली. मग नवीचा दस्ता माझ्या डोळ्यांदेखत तेवढाच कापला.

आता मी दुकानाच्या आतल्या खोलीत असते. माझ्या गळ्यात नावाची चिठ्ठी आहे. चारुलता महिन्यातून एकदा येऊन मला तेल लावते. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला अधूनमधून हात लावत जा. तिच्यासमोर नवीचे कौतुक जरा हळू आवाजात करा. आणि कितीही घाई असली तरी आधी कागदाला विचारत जा.

या खंडेनवमीला चारुलता पुडी घेऊन आली. सावित्रीबाईंनी माझ्यासाठी हळदकुंकू पाठवले होते. “तिला टोपणं नाहीत, तिला कुठंही लाव,” असा निरोप होता. तिने माझ्या दस्त्याला बोट लावले आणि मला भरून आले. पण खरे सांगू? त्या क्षणी माझ्या मनात पहिले आले ते हे, की घरी पाटावर बसलेल्या त्या काळ्या पोरीची टोपणे आज कुणी काढली तर नसतील ना?