दोघांच्या नावावरची बोट

मिस्त्रींनी बोट विकायला काढली, ती विकली जावी म्हणून नव्हे. हे ऐकायला वेडगळ वाटेल, पण ज्याने आयुष्यात एकदा तरी नुसता खडा टाकून पाहिला आहे, त्याला नवल वाटणार नाही.

बोट दोघांची होती, मिस्त्रींची आणि त्यांच्या साडूंची. मिस्त्रींचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान. साडू पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि सगळं घर त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणे. रागावली की त्यांची बायकोसुद्धा. दोघांनी निम्मे निम्मे घालून ही जुनी बोट ट्रेलरसकट घेतली होती आणि कामाची वाटणी पहिल्याच दिवशी केली होती : इंजिन मिस्त्रींचं, कागद हेडक्लार्कांचे. रविवारी ट्रेलर गाडीला जोडायचा, तलावावर जायचं, दुपारपर्यंत पाण्यावर राहायचं आणि एकही मासा न धरता परत यायचं. बोलणंही फारसं नसे. एकजण इंजिनाचा आवाज ऐकत बसे, दुसरा डोळे मिटून ऊन खाई. दोघांच्या बायका, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, म्हणत, एवढं गप्पच बसायचं तर घरी बसा की.

साडूचं नातं मोठं अवघड. भावाशी भांडता येतं, मित्राला शिवी देता येते, साडूला माणूस काय म्हणणार? त्यात हे दोघे म्हणजे सौजन्याचे पुतळे. बोटीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, तुमच्या मंडळींचं देऊ, त्या थोरल्या. हेडक्लार्क म्हणाले, छे छे, धाकटीचा मान. असं 'तुमचंच, तुमचंच' करता करता नोंदणीच्या कागदावर नावाचा रकाना कोराच राहिला, तो आजतागायत. जरा नाजूक काही बोलायचं असलं की मिस्त्री बायकोला सांगत, ती ताईला फोन करी, ताई हेडक्लार्कांच्या कानावर घाली आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. या फेऱ्यात कुणाचंही मन कधी दुखलं नाही आणि कुणाच्याही मनातलं कधी कुणाला कळलं नाही.

मग हेडक्लार्कांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन, धक्के, पाणी, सगळं बंद केलं. बोट मिस्त्रींच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. मिस्त्रींना एकट्याने जाता आलं असतं, पण साडू खाटेवर आणि आपण पाण्यावर, हे त्यांना शोभेसं वाटेना. दोन उन्हाळे असेच गेले. हेडक्लार्क हिंडूफिरू लागले, रविवारी जेवायलाही येऊ लागले, पण अंगणातून जाताना ताडपत्रीकडे पाहत नसत. ते का पाहत नाहीत, हे विचारायला तोंड होतं, पण मिस्त्रींनी ते उघडलं नाही. त्याऐवजी एके दिवशी हात पुसत ते बायकोला म्हणाले, "बोट विकून टाकावी म्हणतो."

हाच तो खडा. त्यांचा हिशेब असा, की निरोप पोचला की साडू म्हणतील, छे, एवढ्यात काय विकता. आणि विषय निघालाच आहे तर एखाद्या रविवारी तलावावर जाऊन येऊ, असंही म्हणतील.

संध्याकाळी बायको म्हणाली, "भाऊजी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते. कागदांची काळजी करू नका म्हणाले, सगळे मीच करतो."

झालं. आता आपणच काढलेला विषय आपणच मागे कसा घ्यायचा? मिस्त्रींनी दुकानाच्या दारावर पाटी लावली आणि किंमत मुद्दाम चढी लिहिली. तरी गिऱ्हाईक आलंच. शाळेची बस चालवणारी एक बाई होती. तिने वाकून बोटीचा तळ पाहिला, ट्रेलरची चाकं फिरवून त्यांचा आवाज ऐकला, इंजिन सुरू करायला लावलं आणि म्हणाली, "चांगलं राखलंय. घेते मी." घासाघीस केली असती तर मिस्त्रींना रुसायला तरी जागा मिळाली असती.

ठरल्या दिवशी दुपारी हेडक्लार्क कागदांचं पुडकं घेऊन आले. बोटीची नावबदली एका कार्यालयात, ट्रेलरची दुसऱ्या, त्यामुळे अर्ज वेगळे आणि विक्रीपत्रंही दोन. प्रत्येकाच्या तीन प्रती, कडा जुळवून टाचलेल्या. मिस्त्रींनी ते उलटून पाहिले. माणसाला किती घाई असावी एखाद्या गोष्टीतून सुटायची, असं त्यांच्या मनात आलं.

"ट्रेलरच्या सांगाड्यावरचा नंबर तेवढा प्रत्यक्ष पाहून लिहायचाय, साडूबुवा," हेडक्लार्क म्हणाले. "तो जुळला नाही तर ट्रेलर नावावर चढत नाही."

मिस्त्री बॅटरी घेऊन ट्रेलरखाली उताणे शिरले. नंबर गंजाने खाल्ला होता. ट्रेलरच्या तोंडाशी हेडक्लार्क पेन धरून बसलेले, त्यांचे बूट दिसत होते. नंबर वाचता येत नाही म्हणावं, मिस्त्रींच्या मनात आलं. खोटंही म्हणता येणार नाही, निम्मे आकडे तर खरंच गेलेत. विक्री अडेल, बाई कंटाळेल, दुसरं काही बघेल.

"दिसतोय का?" वरून आवाज आला. "नसेल दिसत तर राहू द्या, साडूबुवा. आज नाही तर नाही."

हे वाक्य हेडक्लार्कांनी किती आशेने म्हटलं होतं, ते मिस्त्रींना कळलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मिस्त्रींना त्यात वाटली ती नाराजी. बिचाऱ्यांनी एवढे कागद केले आणि आपण आता गंजाची सबब सांगायची? त्यांनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला.

सह्या ओट्यावर झाल्या. हेडक्लार्कांनी विक्रीपत्र वाचून दाखवलं. बोट आहे त्या स्थितीत विकली आहे, देणं कुणाचंही नाही, तंटाबखेडा नाही. "यापुढे विक्रेत्या दोघांचा सदर बोटीवर कोणत्याही प्रकारचा हक्क..." इथे ते थांबले आणि पाणी प्यायले. ऑपरेशन झालेल्या माणसाला दम लागायचाच, असं वाटून मिस्त्रींनी पंखा त्यांच्याकडे वळवला.

"नावाचा रकाना रिकामाय," बसवाली बाई म्हणाली. "नाव काय हिचं?"

"ठेवायचं राहूनच गेलं," हेडक्लार्क म्हणाले. "तुम्ही ठेवा आता."

सह्या झाल्या, पैसे दिले-घेतले गेले. सामान मोजताना बाईने बोटीतली लाइफ जॅकेटं उचलून पाहिली. ती कुजून फाटली होती, शिवणीत नख घातलं की आतला भुगा हातात येत होता. "यादीत चालू स्थितीतली दोन लिहिलीत," ती म्हणाली.

"लिहिलीत म्हणजे आहेत," हेडक्लार्क म्हणाले आणि आपल्या गाडीतून एक पिशवी घेऊन आले. आत दोन नवीकोरी जॅकेटं होती, दुकानाच्या चिठ्ठ्याही अजून निघाल्या नव्हत्या. एक मिस्त्रींच्या रुंद खांद्यांच्या मापाचं. दुसऱ्याला छातीवर मऊ गादी होती. छातीवर टाके पडलेल्या माणसाला पट्टा काचू नये म्हणून असतं तसलं.

मिस्त्री त्या गादीकडे पाहत राहिले. "ही कधी घेतलीत, साडूबुवा?"

"डॉक्टरांनी परवानगी दिली ना मला पाण्यावर जायची, त्याच दिवशी." हेडक्लार्क चिठ्ठ्या काढू लागले, पण त्या सुटेनात. "म्हटलं रविवारी येईन तेव्हा सांगेन. पण त्याच्या आधीच तुमचा निरोप आला, विकायची म्हणून. असो. तुम्ही तरी किती दिवस सांभाळणार दुसऱ्याची अडगळ."

बाई तोवर ट्रेलर आपल्या गाडीला जोडून साखळी अडकवत होती. मिस्त्री ताडताड तिच्याकडे गेले. थांबा, पैसे परत घ्या, चूक झाली, एवढंच तर म्हणायचं होतं. गाडीच्या मागच्या काचेवर दोन पोरांनी नाकं चेपली होती आणि ती बोटीकडे पाहत होती.

"काही राहिलं का, काका?" बाईने विचारलं.

"बूच," मिस्त्री म्हणाले. "मागच्या बाजूला आहे, पाणी काढायचं. बोट पाण्यात उतरवायच्या आधी ते घट्ट लावा. रोज लावत असलं तरी माणूस विसरतं."

"लक्षात ठेवीन," ती म्हणाली. ट्रेलर फाटकातून एका दमात बाहेर गेला, कुठे घासलासुद्धा नाही. हेडक्लार्कांनी दोन प्रती मिस्त्रींच्या हातात दिल्या, दोन्ही कार्यालयांना कळवायचं उद्या मी बघतो म्हणाले, आणि निघून गेले. अंगणात ताडपत्री पडली होती आणि तिच्याखालची फरशी भोवतालच्या फरशीपेक्षा स्वच्छ राहिली होती.

संध्याकाळी बायको फोन हातात धरूनच बाहेर आली. "अहो, ताई विचारतेय, सगळं तुमच्या मनासारखं झालं ना? भाऊजींनी विचारायला सांगितलंय."

मिस्त्रींच्या तोंडात 'हो म्हणावं' तयारच होतं. किती वर्षांची सवय. पण या खेपेला ते त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी बायकोच्या हातून फोन घेतला. "ताई, जरा साडूबुवांना द्या."

ताईला एवढं नवल वाटलं की ती काही न विचारता उठली.

"बोला, साडूबुवा."

"मला बोट विकायची नव्हती हो," मिस्त्री म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. तेवढ्यासाठीच निरोप धाडला होता मी."



"आणि मी बसलो होतो तुम्ही कधी मागे घेताय याची वाट बघत," हेडक्लार्क म्हणाले. "नाही घेतलंत. म्हटलं, साडूबुवांना आता मोकळं व्हायचंय, तर मागून त्यांना कसला त्रास नको. चाळीस वर्षं नोकरी केली, पण इतके पक्के कागद कधी केले नव्हते. कुठे म्हणून फट ठेवली नाही मी."