चौक्याच्या गाडीची स्टेपनी

"मालक, गाडी कुठं हाय?" अर्ध्या उघडलेल्या शटरखालनं वाकून आत येता येता आदर्शनं विचारलं, आणि श्रीपालचा चहाचा कप ओठाशीच थांबला.

"कुठली गाडी?"

"चौक्याची की. तिचं वेल्डिंग मारायचं ऱ्हायलंय न्हवं?"

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. उद्यमनगरातली निम्मी शटरं अजून खालीच होती. श्रीपालनं कप फळीवर ठेवला तो असा, की निम्मा चहा बशीत आला. "काल लाइट आल्यावर तू मारलं न्हाईस?" त्यानं विचारलं.

"लाइट आलीच कुठं! साडेसातपर्यंत वाट बघितली आणि घरला गेलो. म्हटलं सकाळी लवकर येऊन मारू. नुसत्या चार टाक्यांवर हाय ती."

चार टाके. कपडा शिवायच्या आधी शिंपी कच्चा दोरा घालतो ना, तसेच हे. जोडायच्या लोखंडाला चार ठिकाणी नुसता ठिपका द्यायचा, माप बरोबर आहे का बघायचं आणि मग पक्कं वेल्डिंग ओढायचं. कच्च्या दोऱ्यावर सदरा घालून कुणी लग्नाला जात नाही. इथं मात्र पंचवीस किलोचं चाक त्या ठिपक्यांवर लटकून पेठ वडगावच्या पुढं रस्त्याला लागलं होतं.

ही चौक्याची गाडी म्हणजे श्रीपालचा जीव की प्राण. दिगंबर मुनी महाराज गावोगाव पायी विहार करतात. त्यांना आहार द्यायचा तर स्वयंपाकघर म्हणजे चौका शुद्ध हवा, आणि प्रत्येक मुक्कामाला तसा चौका कुठून मिळणार? म्हणून श्रीपालनं दोन चाकांवर एक छोटी खोलीच बांधली होती. आत ओटा, फडताळ, पाण्याच्या टाक्या. जीपला जोडायची आणि पुढच्या मुक्कामाला न्यायची. वडगावपासून वारणानगरपर्यंतच्या श्रावकांनी ती बघून बोटं तोंडात घातली होती, आणि खरं सांगायचं तर ती बोटं बघायला श्रीपालला फार आवडायचं.

काल मात्र आहारात केस निघाला. केस निघाला की अंतराय, त्या दिवसाचा आहार तिथंच संपला. महाराजांनी ओंजळ सोडली, आणि मग आज सकाळपर्यंत अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. चैत्रातलं ऊन, आणि सत्तरीचे महाराज. चौका श्रीपालची आई, राजमतीआक्का, सांभाळायची. ती दुपारभर रडली आणि मग तिनं न्यायनिवाडा केला: दोष टायरचा.

"शेणामुतातनं फिरल्यालं टायर धान्याच्या डब्याला लावून ठिवलायसा," ती फोनवर म्हणाली होती. "तिथं शुद्धी कशी ऱ्हाईल? आजच्या आज भाईर काढ ती स्टेपनी."

आता केसाचा आणि टायरचा काय संबंध, हे आक्काला विचारायची छाती कुणाची होती? श्रीपालनं ती स्टेपनी आत, बरोबर चाकांच्या वर, पट्ट्यानं आवळून ठेवली होती आणि तिची खरी जागा तीच होती. मागच्या बाजूला जो आडवा पाइप होता तो नुसता शोभेचा, पत्र्याचा म्हणावा इतका पातळ. त्यावर चाक टांगायचं तर खालच्या चासीपासून दोन जाड अँगल वर आणायला हवेत. खड्ड्यात गाडी आदळली की टांगलेलं चाक दुप्पट-तिप्पट जोरानं खाली ओढतं, हे त्याच्याइतकं कोण जाणत होतं! म्हणून काल दुपारी चुलतभाऊ ऋषभनं गाडी कारखान्यापुढं आणून लावल्यावर त्यानं अँगल कापले, ब्रॅकेट उभं केलं, टाके दिले, आणि लाइट गेली.

तोवर सूर्य कलला. श्रीपाल दिवसाउजेडी जेवणारा. सूर्य बुडाला की पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा बापापासूनचा नेम. "लाइट आली की पक्कं मारून घे," असं आदर्शला सांगून तो घरी जेवायला गेला आणि तिथूनच मंदिरात. नऊ वाजता ऋषभनं फोटो पाठवला. ब्रॅकेटला लखलखीत चंदेरी रंग दिलेला, त्यावर स्टेपनी बसवलेली. खाली लिहिलेलं, 'दादा, एक नंबर काम. रंग मी मारलाय. गाडी घेऊन निघालो.' फोटोत रंगाखालचं वेल्डिंग काही दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून विचारायला हवं होतं. श्रीपालनं अंगठा पाठवला आणि झोपला.

आता तोच अंगठा त्याच्या छातीवर बसला होता. त्यानं ऋषभला फोन लावला.

"बोल दादा!" ऋषभ खुशीत होता. पाठीमागं जीपचा आवाज. "आत्ताच वडगाव सोडलं बघ. महाराज सहालाच निघाल्यात. काकू पण चालत हाय त्यांच्यासंगं. कालच्याचं प्रायश्चित्त म्हणं. गुडघं धरल्यात, पण ऐकंल तर शप्पत."

बोलायला दहा सेकंद पुरली असती. जीप थांबव, पाना घे, स्टेपनी काढून रस्त्याकडेला ठेव. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्याच्यामागनं दुसरं वाक्य येणार होतं, 'का रं दादा, काय झालं?' आणि जीपमध्ये चौक्याच्या चार बायका बसल्या होत्या. पुढच्या मुक्कामाला, हातकणंगल्याला, पोहोचायच्या आत सगळ्या पंचक्रोशीला कळलं असतं की श्रीपालनं महाराजांच्या गाडीला कच्चं चाक टांगलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "जरा सावकाश चालव. लई सावकाश. मी येतोय मागनं."

"सावकाश? बरं बरं."

फोन ठेवला आणि श्रीपालला वाटलं आपण शहाणपणा केला. सावकाश चालली गाडी तर आदळणार नाही, आदळली नाही तर टाके धरतील. त्यानं पान्यांची पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि किक मारली.

पहिल्या गतिरोधकावरच शहाणपणा उतरला. मोटारसायकल उडाली आणि पिशवीतले पाने खणकन वाजले. वडगाव ते हातकणंगले अशी उडी किती वेळा बसेल? दहा? वीस? शिरोलीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत त्यानं खिशातनं फोन काढला, ऋषभचा नंबर बघितला आणि फोन परत खिशात घातला. अजून जरा जाऊ. पोहोचलोच की. हायवेवर मागनं येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं त्याला आईवरनं शिवी दिली, तीही त्याला ऐकू आली नाही. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. सुटलेलं चाक थांबत नाही. ते उड्या मारत जातं, आणि पुढं-मागं माणसं आहेत, अनवाणी माणसं आहेत, हे त्याला कळत नाही.

वाठारला हायवे सोडताना मात्र त्याचा धीर सुटला. त्यानं गाडी बाजूला घेऊन फोन लावला. आता सगळं सांगायचं, लाज गेली चुलीत. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. महाराज जवळ असले की ऋषभ फोनचा आवाज बंद करतो हे त्याला आठवलं. महाराज जवळ म्हणजे गाडी माणसांच्यात आहे. त्यांच्या पुढं निघून गेलेली नाही.

का गेली नाही? मीच सांगितलं. सावकाश चालव.

वडगाव मागं पडलं. दोन्हीकडं ऊस, मध्ये सरळ रस्ता, आणि लांबवर आधी पांढऱ्या कपड्यांचा पुंजका दिसला, त्यात महाराजांची मोरपिसांची पिच्छी. त्यांच्या मागं शंभर पावलांवर जीप माणसाच्या चालीनं सरकत होती. जीपमागं चौक्याची गाडी. गाडीमागं ऊन पडून चमकणारं चंदेरी ब्रॅकेट, त्यावर काळं चाक, आणि त्या चाकाला दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पावलाला त्याच्यावर सगळा भार टाकत लंगडत चालणारी त्याची आई.

हॉर्न द्यावा तर ऋषभला वाटणार मागच्याला पुढं जायचंय, तो गाडीला हिसका देणार. हाक मारावी तर आई त्या चाकावर रेलूनच मागं वळणार. आणि जीपच्या पुढं वीस पावलांवर गतिरोधकाचे पांढरे पट्टे.

त्यानं मोटारसायकल तशीच कडेच्या गवतात सोडली आणि धावला. धावत येऊन दोन्ही हात चाकाखाली घातले.

"आई, हात काढ."

"अरं! तू कुठनं आलास?"

"हात काढ आधी!"

चाळीस वर्षांत तो आईवर असा ओरडला नव्हता. आक्कानं चटका बसल्यासारखे हात काढले. "बाजूला हो. लांब हो. ऋषभ, थांब! थांब की रं!" पण तोवर चौक्याच्या गाडीची चाकं पट्ट्यांवर चढली होती. एवढ्या सावकाश, की रांगतं पोरही पडलं नसतं. कट् असा आवाज झाला. मग आणखी एक. आणि पंचवीस किलोचं चाक ब्रॅकेटसकट श्रीपालच्या छातीवर आलं. तो तसाच मागं कोलमडला आणि चाक मांडीवर घेऊन रस्त्यात बसला.

ऋषभ उतरून पळत आला. खालच्या चासीवर दोन आणि पातळ पाइपावर दोन ठिपके उघडे पडले होते, वाटाण्याएवढे. एक तेवढा पाइपाचा पत्रा घेऊन निघाला होता.

"दादा, मीच म्हणलो काकूला," ऋषभचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जीपमधे बसत न्हवती. तू सावकाश चालव म्हणलास, म्हणून म्हटलं आता सावकाशच जायाचंय तर मागं स्टेपनीला धरून चल…"

श्रीपालनं त्याच्याकडं बघितलंच नाही. "तू जा. चौका लावायचाय. उशीर करू नको," तो म्हणाला. "चूक माझी हाय. पक्कं वेल्डिंग झालंच न्हवतं. सगळ्यांना सांग." जीपमधल्या बायका खिडकीतनं माना काढून ऐकत होत्या. ऐकू देत. जीप गेली.

आक्का हलली नव्हती. त्या वाटाण्याएवढ्या खुणा गाडीबरोबर डोळ्यांपुढनं गेल्यावरही ती रस्त्याकडंच बघत होती.

"ऋषभला फोन केलतास तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग?"

"गाडी थांबली असती तर… कालपास्नं महाराजांच्या पोटात पाणी न्हाय. आज पण आहार चुकला असता, म्हणून मी…"

"श्रीपाल," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "महाराज तिथं उपाशी चालल्यात. त्यांच्या अंगावर आणि तुझं खोटं घालू नको. स्टेपनी काढायला किती येळ लागतो?"

"पाच मिंटं."

"मग?"

मांडीवरचं चाक उतरलं होतं तरी श्रीपालला उठवत नव्हतं. "लाज वाटली, आई," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील म्हणून." आणि एवढा मोठा कारखानदार, दहा माणसं हाताखाली असलेला, रस्त्यात बसून घळाघळा रडायला लागला.

आक्कानं त्याला उगी उगी म्हटलं नाही. रडू दिलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मी पण त्या टायरवर उगंच कावले. केस माझाच हुता. पांढरा हुता." मग पदर खोचून ती चालायला लागली. चार पावलं गेली आणि गुडघा धरून थांबली. हातकणंगले अजून लांब होतं आणि पांढरा पुंजका वळणाआड चालला होता.

श्रीपालनं चाक ढकलत नेऊन मोटारसायकलीशेजारी उसाच्या कडेला आडवं ठेवलं. चपला काढून तिथंच ठेवल्या. आईजवळ येऊन त्यानं आपला खांदा पुढं केला. आक्कानं खांद्याकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं.

"हे तरी धरंल न्हवं?"

'व्हय' हा शब्द त्याच्या जिभेवर लगेच आला, सवयीनं. त्यानं तो गिळला. चाक आदळलेली छाती ठणकत होती.

"टाक भार," तो म्हणाला. "पेललं न्हाय तर आधी सांगतो."

आक्कानं हात टेकला. सगळा भार टाकला, आणि दोघं चालायला लागली.