बाशमुहंदिसांच्या दारावरची थाळी

आमच्या बाशमुहंदिसांचं घर बघायला कुठून कुठून माणसं येतात. विमानानं येतात, होडीनं नदी ओलांडतात, उंटावर बसून कंबर मोडून घेतात. आणि हाकेच्या अंतरावर राहणारी माझी आई मात्र मी तिथं नोकरीला लागल्यापासून एकदाही फिरकली नव्हती.

बाशमुहंदिस, म्हणजे थोरले इंजिनिअरसाहेब, नसीम शाकिर. कैरोत त्यांचं मोठं नाव होतं, पण राहण्यासाठी त्यांनी घर बांधलं ते अस्वानच्या पलीकडच्या काठावर, आमच्या नज कोरा गावात, जिथं खजुरीची झाडं संपतात आणि वाळू सुरू होते. कच्च्या विटांचं घर, वर घुमट. तो घुमट आमच्या गवंड्यांनी खाली लाकडाचा एक टेकू न लावता चढवला. बाहेर डोकं भाजत असताना आत पाऊल टाका, खांद्यावर शाल ओढावीशी वाटते. लोकांना हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे. ज्यांच्या गावात असं घर आहे त्यांनी कुजबुजत का बोलावं?

आईला, म्हणजे हज्जा नबराला, याचं काडीचं कौतुक नव्हतं. "तिकिटं फाडतेस आणि मेलेल्या माणसाच्या घरात केर काढतेस," ती म्हणायची. "चाळिशी उलटली, दहीबा. स्वतःचं एक दार नाही तुला थाळी लावायला."

हे थाळीचं बोलणं मला फार लागायचं. आमच्या गावात प्रत्येक घराच्या दारावर, भिंत लिंपताना, घरची बाई ओल्या मातीत चिनी मातीची थाळी बसवते. थाळी आहे म्हणजे घरात बाई आहे. ती गेली की थाळी उतरवतात, आणि तो खळगा बघूनच लोक काय ते समजतात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझी थाळी कुठंच नव्हती. आई भांडी घासताना बोलायची, जेवताना बोलायची, आणि मी ताटावरून उठून जायचे.

बाशमुहंदिसांच्या दारावरची थाळी तिनंच लावलेली होती, हा त्यातला आणखी एक काटा. त्यांची बायको आधीच वारलेली. घरात बाईमाणूस म्हणजे त्यांची लहानगी इंजी. आई तेव्हा नवी नवरी. बायकांबरोबर भिंत लिंपायला गेली आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावातून तिच्या आईनं आणलेली निळ्या काठाची थाळी इंजीच्या नावानं दारावर दाबून आली. बाशमुहंदिसांना भिंती कोऱ्याच आवडत. ते कैरोहून परतले, थाळीकडे बघत अख्खा पेलाभर चहा प्यायले, आणि म्हणाले, "एकच का?"

यंदा डागडुजीसाठी घर बंद ठेवलं होतं, पुढची भिंत उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपर्यंत ताडपत्रीमागे होती. काम बघत होता वाईल नावाचा कैरोचा तरुण इंजिनिअर. वागायला सज्जन, पण आराखड्याबाहेरचं काही दिसलं की त्याला रात्री झोप येत नसे. गव्हर्नरसाहेबांच्या हस्ते घर पुन्हा उघडायचं ठरलं. खुद्द इंजीबाई अलेक्झांड्रियाहून येणार होत्या. मी आईच्या मागेच लागले. "यम्मा, एवढ्या एका दिवशी ये. मी काय करते ते तरी बघ."

"येईन," ती म्हणाली. "पण बसेन मागे."

मी पहाटेच मागच्या दारानं आत शिरले, झाडलं, पुसलं, दिवाणखान्याच्या ओट्यांवर चादरी टाकल्या. पुढचं दार उघडायला गेले तर बाहेरून रडण्याचा आवाज! गावच्या बायका ठेवणीतल्या कपड्यांवर काळी वस्त्रं ओढून वाळूत बसल्या होत्या. मधोमध माझी आई. शाया खाला, आईची मैत्रीण, छाती पिटत होती.

"काय झालं?" मी धावले.

"इंजी गेली गं," आई म्हणाली. तिचे डोळे खरंच सुजले होते. "लेकरू माझ्या मांडीवर बसून भाकरी खायचं. आणि तुम्ही ढोलताशे लावलेत? लाज वाटत नाही?"

मी मागे वळून वर पाहिलं. थाळी नव्हती. तिच्या जागी गुळगुळीत लिंपलेली कोरी भिंत. माझं पित्त खवळलं.

"वाईल!"

तो फितीची कात्री हातात घेऊनच आला. "मूळ आराखड्यात थाळी नाही, दहीबाजी. नंतर कुणीतरी लावलेली. मी जपून काढली हो, कापसात गुंडाळून ठेवलीये."

"कुणीतरी? ती समोर बसलीये ना, ती कुणीतरी! आता जा आणि सांग तिला की कुणी मेलेलं नाही."

तो गेला, वाकून समजावू लागला. पण आमच्या बायकांना दारावरची भिंत दिसत असताना कैरोच्या पोराचं कोण ऐकतं? त्यांनी उलट त्यालाच खाली बसवलं, त्याच्या हातात साखर घातलेला चहा दिला. तेवढ्यात गव्हर्नरसाहेबांची गाडी आली. साहेब उतरले, रडणं ऐकलं, ढोलवाल्यांना हातानं गप्प केलं आणि छातीवर हात ठेवून उभे राहिले. जमिनीनं दुभंगून मला आत घ्यावं असं वाटलं. आईला आणलं होतं ते माझं काम दाखवायला, आणि हे काय दाखवत होते मी!

मागच्या गाडीतून एक पांढऱ्या केसांची बाई काठी टेकत उतरली. शाया खालानं तिचा हात धरून बाजूला बसवून घेतलं.

"तिचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, बाई."

"कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

"इंजी. बाशमुहंदिसांची मुलगी. फार गुणाची पोर."

"हो?" बाई म्हणाल्या. "कशानं गेली?"

"परमुलखातलं अन्न खाऊन, दुसरं काय? हाडाची काडी होती आधीच."

"आणि हट्टी?"

"अगं, हट्टी म्हणजे! नबराच्या शेळीवर बसून नदीवर जायची. शेळी मेली बिचारी."

"शेळी म्हातारी होती, खाला," बाई म्हणाल्या. "उगाच माझ्यावर घालू नका."

आईचं रडणं थांबलं. तिनं बाईंची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, निरखून पाहिलं, आणि दंडावर अशी चापट मारली की गव्हर्नरसाहेब दचकले. "जिवंत आहेस आणि मला रडवतेस होय?" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हसत होत्या की रडत होत्या, कोण जाणे.

इंजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वाईलकडे थाळी मागितली. तो पेटी घेऊन आला. "मॅडम, मूळ आराखड्यात खरंच..."

"मूळ आराखड्यात माझी खोलीही नव्हती, बाळा. मी रडले म्हणून वडिलांनी वाढवली. ती पाडतोस का?"

वाईल हसला आणि मातीचं घमेलं आणि स्टूल आणायला स्वतः गेला. इंजीबाईंनी थाळी आईच्या हातात दिली. "नबरा, ही तुझ्या आईची. माझ्या नावानं आता नको. मी समुद्राकाठी राहते, इतक्या वर्षांनी आज पाहुण्यासारखी आले. या घरची बाई मी राहिले नाही."

"मग कोण?" शाया खाला म्हणाली. "बाईशिवाय लावणार कशी?"

मला कळेना, हे भांडण मिटलं की नवं सुरू झालं. आई थाळी पदरानं पुसत राहिली. मग उठली, दारापाशी आली, उंबऱ्यातून आत डोकावली. झाडलेली जमीन पाहिली, ओट्यांवरच्या चादरी पाहिल्या, कोपऱ्यात पाण्यानं भरून ठेवलेला माठ पाहिला.

"हे सगळं तू केलंस?"

"रोजच करते, यम्मा."

"सकाळी दार कोण उघडतं?"

"मी."

"आल्या-गेल्याला पाणी?"

"मीच."

तिनं थाळी माझ्या हातात ठेवली. "मग माझं तोंड काय बघतेस? चढ स्टुलावर. माती वाळतेय."

वाईलनं स्टूल धरलं. मी ओल्या मातीचा गोळा थापला, त्यावर आजीची थाळी ठेवली आणि तळहातानं दाबली, चारी बाजूंनी, आईनं लहानपणी घरी शिकवलं होतं तशी. "डावीकडे," खालून आई ओरडली. "जरा डावीकडे! हां, आता बस." बायकांनी जिभा फिरवून अशी किलकारी दिली की पलीकडच्या काठावर ऐकू गेली असेल. मी स्टुलावर उभी राहून हुंदके देत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. एवढा अभिमान मला कुठल्या सर्टिफिकेटानं दिला नव्हता.

गव्हर्नरसाहेब उन्हात बराच वेळ ताटकळले होते. त्यांनी फीत कापली, घाम पुसला आणि आत जायला पाऊल उचललं. आईनं दारात हात आडवा धरला.

"बूट बाहेर, साहेब. माझ्या मुलीचं घर आहे."