मोटारीतली खरखर

“हां, आता कर चालू इंजिन,” मागच्या सीटवर रेलत लालासाहेब म्हणाले.

आकारामने बटण दाबले. मोटार थरथरली, दोनदा खोकली आणि एका सुरात घुमू लागली. डॅशबोर्डखाली पत्र्याच्या पट्टीने आवळून बसवलेल्या रेडिओत मुंबई स्टेशनवरचा गवई मघासारखाच गात राहिला. इंजिन लागल्याचे त्याच्या गावीही नव्हते. आकारामने श्वास धरून आरशात पाहिले.

लालासाहेबांनी डोळे मिटले, मान कलती केली. हळूहळू कपाळावर आठी उमटली.

“हाय रं अजून.”

“काय, साहेब?”

“काय म्हंजे? खरखर! गाण्याच्या मागं बघ की, पत्र्यावर वाळू पडल्यागत. लढाईत तारा जोडत व्हतास न्हवं तू? का नुसत्याच चपात्या भाजल्यास?”

“बघतो साहेब,” आकाराम म्हणाला आणि खाली उतरला.

आजचा सतरावा दिवस. काम खरे तर दोन दिवसांचे. प्लगांतून उडणाऱ्या ठिणग्या रेडिओला बाधतात, म्हणून प्रत्येक प्लगवर एकेक रोधक चढवायचा, डायनामोला कंडेन्सर लावायचा, आकाशाची तार, म्हणजे एरियल, टपावरून ओढून घ्यायची, झाले. पलटणीच्या वायरलेस गाड्यांवर हे काम त्याने डोळे मिटून केले होते. इथे तर सगळे तीन-तीनदा खोलून पुन्हा जोडून झाले होते.

चूक झाली ती पहिल्याच दिवशी. त्याच्या आधी आलेला मुंबईचा फिटर अर्धे काम टाकून पसार झाला होता. तोंड पोळलेल्या लालासाहेबांनी आकारामला सरळ खंडोबाच्या देवळात नेले आणि पुढ्यात शपथेचा बेलभंडार ठेवला. दोन दिवसांचे तर काम, असे म्हणून आकारामने हसत हसत तो उचलला. “आवाज साफ झाला असं साहेबांच्या तोंडनं निघंल, तवाच ह्या गावाची शीव ओलांडीन,” असे मोठ्याने बोलून गेला. ‘साहेबांच्या तोंडनं’ म्हणायची काही गरज नव्हती. पण शब्द निघून गेला होता, आणि भंडारा कपाळाला लागला होता. दहाव्या दिवशी त्याने गुरवाला विचारून पाहिले. गुरव म्हणाला, “ज्याच्यापुढं शब्द दिला त्यानंच सोडवायचा, बाबा. माझ्या हातात काय न्हाई.”

तिकडे सांगलीत बशीर वाट पाहत होता. पलटणीतला हा जोडीदार. गणपती पेठेत त्याने रेडिओ-बॅटरीचे दुकान मांडले होते. चार दिवसांपूर्वी त्याचे पत्र आले : ‘सोमवारपर्यंत ये. मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. सोमवारी आला नाहीस तर मिरजेचा माणूस घ्यावा लागेल, गड्या. माझा नाइलाज आहे.’ खोली म्हणजे बायको, शालू, जवळ येणार. आकारामला लढाईवरून येऊन वर्ष झाले, तरी शालू लेकीला घेऊन सांगलीत भावाच्याच घरी होती. भावजय उठता बसता टोमणे मारते, असे तिने कुणाकडून तरी लिहवून घेतले होते.

शुक्रवारी सकाळी त्याने पुन्हा बॉनेट उघडले. तारा नव्याने ओढाव्यात म्हणून बॅटरीची तारच सोडवली. लालासाहेब आत येऊन बसलेले त्याला कळलेही नाही.

“आकाराम!” आतून हाक आली. “आता ऐक. गाणं न्हाई, काय न्हाई, नुसती खरखर. आता तरी घावंल का तुला?”

आकाराम बॉनेटआड तसाच उभा राहिला. तार त्याच्या हातात होती. रेडिओ मेलेला होता, इंजिन थंड होते. पलीकडे कोयनेचे पाणी तेवढे वाहत होते, आणि तेही इथवर ऐकू येत नव्हते.

“घावंल, साहेब,” तो कसाबसा म्हणाला.

दुपारी लालासाहेबांच्या पत्नी विजयमालाबाईंना गावातल्याच देवीच्या ओटीला न्यायचे होते. मोटारीला पडदे लावून त्या मागे बसल्या. एरवी त्या नोकरमाणसांशी बोलत नसत. पण आज घरे मागे पडल्यावर पडद्याआडून आवाज आला.

“सकाळी मी वरनं बघत व्हते. तार तुमच्या हातात व्हती.”

आकारामने मोटार हळू केली.

“तोफखान्यात व्हते ते, ब्रह्मदेशात. तिकडनं आल्यापास्नं कानात तसंच चालू हाय. आधी भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. मग परसातला शेवगा तोडला, वाळल्या शेंगा वाजत्यात म्हणून. बैलांच्या घुंगुरमाळासुदिक सोडायला लावल्या. काय करू मी? व्हय, वाजतंय म्हणते.”

“डाक्टरला दावलं न्हाई, वैनीसाब?”

“कानाला दावा म्हणायचं, म्हंजे बाहेर काय वाजत न्हाई असं सांगायचं. त्ये कोण सांगणार त्यास्नी?” बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. “ही रेडिओची खरखर गेली की सगळं शांत हुईल, असं धरून बसल्यात. तुमचं सांगलीचं पत्रही ठावं हाय मला. ऱ्हावा म्हणायला जीभ रेटत न्हाई माझी. जावा म्हणायलाही रेटत न्हाई.”

आकारामने मोटार देवळापुढे नेऊन उभी केली.

रविवारी सकाळी लालासाहेबांनी मोटार शिवेच्या आतल्या खिंडीत न्यायला सांगितली. उंचावर आवाज सगळ्यात चांगला लागे. खाली वळणावळणाने रस्ता दिसत होता. कऱ्हाडकडे जाणारी उतारूंची सर्व्हिस गाडी थोड्याच वेळात तिथून जायची होती. ती गाठली तर संध्याकाळी सांगली. वळकटी बांधून आकारामने ती पायाशी ठेवली होती. शीव ओलांडली असती तरी हात कुणी धरला नसता. पण देवळात कपाळाला लागलेला भंडारा खोटा पाडायला त्याचे मन धजत नव्हते.

इंजिन चालू होते. रेडिओवर कुणी बाई भजन म्हणत होती. इतका स्वच्छ आवाज आकारामने या सेटवर कधी ऐकला नव्हता. तंबोऱ्याची तार न तार वेगळी कळत होती.

लालासाहेब आज पुढे, त्याच्या शेजारी बसले होते. भजनाचे एक कडवे संपेपर्यंत ते रेडिओकडे पाहत राहिले. मग मान न वळवता, कुणी ऐकेल अशा धास्तीने म्हणाले,

“आकाराम, एक खरं सांग. तुला ऐकू येती का रं ती?”

आकारामने रेडिओकडे कान नेला.

“का मला एकट्यालाच?”

लालासाहेबांनी एक हात रेडिओच्या पत्र्यावर दाबून धरला होता, जणू ती खरखर तिथेच कोंडावी. तोफा ओढणाऱ्या माणसाचा थोराड हात. आकारामने तो पाहिला आणि पाहिला नसता तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. ‘न्हाई’ एवढा एकच शब्द. तो खरा होता. त्या एका शब्दापलीकडे खोली होती, शालू होती, बापाला अजून नीट न ओळखणारी लेक होती. कदाचित साहेबांच्या तोंडून सुटकाही झाली असती.

“हाय साहेब,” तो म्हणाला. “बारीक हाय, पर हाय. डायनामोकडनं येतीया.”

लालासाहेबांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. मग खो खो हसले आणि त्याच्या पाठीत थाप मारली.

“मला वाटलंच! घरातली सगळी माझ्याकडं अशी बघत्यात, जसं काय... अरं मग काढ की तिला भाईर! घाई न्हाई. महिना लागू दे.”

“व्हय, साहेब.”

आकाराम खाली उतरला. खालच्या रस्त्यावर धुळीचा लोट उठला, वळणावर दिसेनासा झाला, पुढच्या वळणावर पुन्हा उठला. त्याने तिकडे पाठ केली आणि बॉनेट उघडले. आत गाणे स्वच्छ चालले होते. पाना घेऊन त्याने डायनामोचा पक्का बसलेला नट सैल केला, आणि सावकाश, एकेक फेरा मोजीत, पुन्हा आवळू लागला.