मिस्टर हॉइटचं तळं आणि माझं शहाणपण

माझे सासरे मिस्टर हॉइट मेफील्ड यांची शेवटची इच्छा साधी होती. स्वतः बांध घालून केलेल्या दोन एकरांच्या तळ्यातून एकदा मोठा बास मासा स्वतःच्या हाताने ओढून काढायचा. वय सत्त्याऐंशी. हात कापायला लागलेले. गळाची काठी आणखी फार तर तीन वर्षं धरता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि ते तळं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या सज्जन माणसाच्या नशिबात दुसरं कोणी नव्हतं.

मी डॉइल लेडबेटर. बास धरण्याच्या स्पर्धांमध्ये अलाबामाच्या आमच्या भागात माझं नाव आहे. निदान तसं मी लोकांना सांगतो. तीस वर्षांत मी एकही बास मारला नव्हता. धरायचा, फोटो काढायचा, ओठाला धरून अलगद पाण्यात सोडायचा. आमच्यासारख्यांचा हा धर्मच आहे. सासऱ्यांच्या तळ्यावरही मी पाटी ठोकली होती : इथला प्रत्येक बास परत पाण्यात. पाटी त्यांच्याच हातोडीने ठोकली आणि त्यांना विचारलं नाही.

दहा वर्षं मी तिथे दया केली. परिणाम असा, की तळ्यात जिकडेतिकडे वीतभर बास झाले. डोकं मोठं, अंग काडी. पाटलोण घातली तर निसटेल असे. मत्स्यखात्याची पॉलेट नावाची मुलगी येऊन पाहून गेली. म्हणाली, खाणारी तोंडं फार झालीत, बारक्या माशांचा फडशा पडलाय. दर वर्षी साठेक लहान बास काढून खा, मग उरलेले वाढतील. मी तिला जीवदयेवर पाऊण तास ऐकवलं. तिने गोड गार चहा संपवला आणि उठली.

बाकी सगळं मात्र मी केलं. चुना टाकला, खत टाकलं, बारक्या माशांना लपायला नाताळची सुकलेली झाडं बुडवली, माशांना खाद्य फेकणारं यंत्र बसवलं. ताट वाढत होतो, जेवणारे कमी करत नव्हतो. सासरे खुर्चीत बसून बघायचे. एकदाच म्हणाले, "घरात आम्ही नऊ जण होतो. जेवणापुरते लहान मासे काढायचो, रोज. तेव्हा आठ पौंडांचे निघायचे." मी प्रेमाने समजावलं, की मिस्टर हॉइट, तो काळ वेगळा होता. माझी बायको नेल्डा काहीतरी करायला स्वयंपाकघरात गेली. विषय संपला असं मला वाटलं.

दर शनिवारी मी पहाटेच स्पर्धेला जायचो आणि बहुतेक वेळा हरून यायचो. जेवायला मक्याच्या पिठात घोळवून तळलेला कॅटफिश असायचा. नेल्डाचा चुलतभाऊ आणून देतो, असं ती म्हणायची. मी मागून मागून खायचो. एकदा तर म्हणालो, की कॅटफिशची चव कॅटफिशलाच, बास नुसता दिसायला देखणा, खायला पाला असणार. असणार म्हणालो, कारण तीस वर्षांत चाखला नव्हता. सासऱ्यांनी गंभीरपणे कांदा माझ्याकडे सरकवला.

पॉलेट येऊन गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मासे भरायला लागले. तिसऱ्या वर्षी पाठी रुंद झाल्या. मग मला कोण आवरणार? पशुखाद्याच्या दुकानात, चर्चच्या न्याहारीला, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा मी दयेचा महिमा सांगत सुटलो. पॉलेटला फोन करून, तुझ्या चुकीबद्दल मनात काही ठेवू नकोस, असंही सांगितलं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

तिसऱ्या एप्रिलमध्ये, एका रविवारी चर्च सुटल्यावर, आम्ही सासऱ्यांची खुर्ची तळ्यात पुढे गेलेल्या लाकडी फळीच्या धक्क्यावर मांडली. आता त्यांना शर्टाची बटणंही नेल्डा लावून द्यायची, म्हणजे हा वसंत शेवटचा हे तिघांनाही माहीत होतं. गळ त्यांनीच टाकला, जेमतेम दहा हातांवर पडला. हात कापत होते, तसं नकली आमिषही पाण्यात थरथरत होतं. त्यामुळेच माशाला ते जिवंत वाटलं असावं. काठी एकदम वाकली.

मी धरायला पुढे झालो.

"हात लावू नकोस," सासरे म्हणाले.

मी हात तसेच हवेत धरून उभा राहिलो. नेल्डाने मागून त्यांचा पट्टा पकडला होता. मासा दोनदा खोल गेला, एकदा फळीखाली शिरला. सासऱ्यांना धाप लागली, मला भीती वाटली, पण त्यांनी काठी सोडली नाही. शेवटी सहा पौंडांचा बास त्यांच्या मांडीवर आला. त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, आणि तिथेच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

"पाहिलंत मिस्टर हॉइट?" मी म्हणालो. "तीन वर्षं एकही मासा मारला नाही, त्याचं हे फळ."

नेल्डा वडिलांकडे बघून हसायला लागली. "डॉइल, दर शनिवारी तू काय जेवतोस?"

"कॅटफिश."

"बाबांनी आणि मी तीन वर्षांत एकशे त्र्याहत्तर बास काढले. निम्मे तुझ्या पोटात गेले. कांद्याबरोबर."

आधी फसवल्याचा राग आला, मग आठवलं, की चव छान होती. त्यामुळे जास्तच राग आला.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," सासरे म्हणाले. "आधी त्या पोरीने, मग मी. तुला पटायला अजून पाच-सहा वर्षं लागली असती. ती वर्षं तुझ्याकडे होती, पोरा. माझ्याकडे नव्हती."

रागावून नाही म्हणाले. मग वाकून त्यांनी तो मोठा मासा पाण्यात सोडला. मोठे सोडायचे, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मला फार लाज वाटली. त्यांची तीन वर्षं माझ्यामुळे फुकट जाणार होती, आणि ती त्यांनी माझ्या पाठीमागे, चोरासारखी, वाचवली होती.

मी काठी घेतली, गळ टाकला. वीतभर बास लागला. माझा हात आपोआप पाण्याकडे गेला. मग तिथेच थांबला. मी मासा बादलीत टाकला.

घरी तो मीच साफ केला. तीस वर्षांत सवय राहिली नव्हती, फार वाईट कापला, अर्धे काटे आतच राहिले. सासऱ्यांनी कापऱ्या बोटांनी एकेक काटा काढत सगळा मासा खाल्ला आणि माझ्या कापण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.