छातीतला धुरकट डाग

"बसून घ्या," डॉक्टर वैदेही म्हणाल्या, पण तोवर हिरामण खुर्ची सोडून, टेबलाला वळसा घालून, थेट कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी जाऊन उभा राहिला होता. त्याची बायको अंजनी ओशाळून मागून त्याच्या शर्टाचं टोक ओढत होती. डॉक्टरांनी आपली खुर्ची जराशी सरकवून त्याला जागा करून दिली आणि माउसचं चाक फिरवत राहिल्या. पडद्यावर त्याच्याच छातीचे काप एकामागून एक सरकत होते. मग त्या थांबल्या. उजव्या बाजूला वर, काळ्या फुप्फुसात, काहीतरी फिकट होतं.

"हा घट्ट गोळा नाहीये," त्या म्हणाल्या. "काचेवर वाफ धरते ना, तसा आहे. पलीकडचं दिसतंय बघा. फक्त मधे हा एवढासा ठिपका घट्ट आहे."

"कॅन्सर आहे का?"

"असू शकतो. नसूही शकतो."

अंजनीने शर्ट सोडला.

महिन्याभरापूर्वी अंबरनाथहून कंपनीतून येताना हिरामणची मोटरसायकल रेतीवर घसरली होती. बरगडी मोडली असेल म्हणून सीटी केला. बरगडी शाबूत निघाली आणि हा डाग सापडला. त्याने आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती. खोकला नाही, ताप नाही, वजन होतं तेवढंच.

डॉक्टरांनी दोघांनाही नीट समजावून सांगितलं. असा डाग म्हणजे कधी जुन्या न्यूमोनियाची उरलेली सूज असते, ती आपोआप विरते. कधी तो खरंच कॅन्सरचा आरंभ असतो, पण या जातीचा कॅन्सर फार सावकाश वाढतो. आज सुई घालावी तर डाग इतका लहान की सुई चुकायची शक्यता जास्त. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करायचा. डाग विरला तर प्रश्न मिटला. राहिला, किंवा मधला घट्ट ठिपका वाढला, तर तेवढा भाग ऑपरेशन करून काढायचा, आणि तेव्हाही उशीर झालेला नसेल.

"म्हणजे आत्ता काहीच करायचं नाही?" हिरामणने विचारलं.

"आत्ता थांबायचं."

हेच त्याला जमणारं नव्हतं. सगळी उमर त्याने फिटर म्हणून काढली होती. पंपातून वेगळा आवाज आला की त्याच पाळीत पंप उघडायचा, हे त्याच्या हातात बसलेलं. आपल्याच छातीत काहीतरी बिघडलंय, ते कुठे आहे तेही दिसतंय, आणि तरी ते तसंच झाकून घरी न्यायचं, हे त्याच्या गळी उतरेना.

चामटोलीच्या घरी त्याचा पाय ठरेना. जेवता जेवता उठायचा, टीव्ही लावून अंगणात जायचा, अंगणातून पुन्हा आत. मुलगा सुयोग रोज कामावरून एकेक नवीन नाव घेऊन यायचा. याच्या साहेबाच्या भावाला असंच होतं, त्याने टाटाला दाखवलं, आपणही जाऊ. हिरामण स्वतः गावातल्या एका डॉक्टरकडे जाऊन आला. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि टीबीच असणार, गोळ्या चालू करून टाकू, म्हणाले. गोळ्यांची पिशवी घेऊन तो घरी आला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. काहीतरी चालू तरी झालं होतं. अंजनीने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि वैदेही मॅडमना फोन लावला. आधीच केलेल्या थुंकीच्या तपासणीत टीबी निघालेला नाही, पुराव्याशिवाय सहा महिने त्या गोळ्या खाऊन लिव्हरला त्रास कशाला, असं त्या शांतपणे म्हणाल्या. पिशवी अंजनीने कुठे ठेवली ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग तो गाडी काढून नुसताच फिरायला लागला. बदलापूर गावातून नदीकडे, तिथून हायवेला, पार उल्हासनगरपर्यंत जाऊन परत. अशाच एका दुपारी गाडी खरवईत आली आणि एका इमारतीखाली उभी राहिली. इथे यायचं असं त्याने ठरवलेलं नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं.

दुसऱ्या मजल्यावर कौसाबाई राहायची. त्याची मोठी बहीण. लहानपणापासून तो तिला बाय म्हणायचा. वडिलांची शेती बिल्डरला गेली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की बाय हक्क सोडून देईल, गावातल्या इतर बहिणींनी सोडला तसा. बायने सोडला नाही. नवरा गेलेला, एक मुलगी लग्नाची. तिने आपला हिस्सा मागितला, कायद्याने तो तिला मिळाला, आणि त्यातून तिने ही जागा घेतली. त्या वर्षीच्या भाऊबीजेला हिरामण गेला नाही. पुढच्याही नाही. चामटोलीचं घर आणि त्यामागचा तुकडा तेवढा उरला होता, आणि त्याच्या सातबारावर बायचं नाव अजून होतं. ते नाव त्याला दाताखालच्या खड्यासारखं लागायचं.

तिने दार उघडलं. केस पुरते पांढरे झालेले.

"आयलास?" ती म्हणाली, जणू तो सकाळीच बाहेर पडला होता.

तो उंबऱ्यातच म्हणाला, "छातीत डाग निघालाय, बाय."

तिने रडारड केली नाही. त्याला आत घेतलं, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली, आणि तो खात असताना सगळं विचारून घेतलं. डाग केवढा, कुठल्या बाजूला, डॉक्टरीण काय म्हणाली. मग म्हणाली, "थांब बोललीय तर थांबायचं. इथं येऊन थांब."

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी जायला लागला. बसायचा मात्र नाही. तिच्या घरातला गळका नळ त्याने बदलला, कुरकुरणाऱ्या दाराला तेल घातलं, पंख्याचं बेअरिंग काढून साफ केलं. ती ओट्यापाशी वाल सोलत बोलत राहायची: आईबद्दल, नदीला आलेल्या पुराबद्दल, त्याच्या पायात काच शिरली होती त्याबद्दल. जमिनीचा विषय दोघंही टाळत.

तो एक दिवस तिनेच काढला.

"तुला काय झालं तर अंजनीला माझ्या दारात यायला लागू नये," सालं गोळा करत ती म्हणाली. "त्या घरावर मी सही देते. कागद करून आण."

हे वाक्य ऐकायची त्याने किती वर्षं वाट पाहिली होती. आता ऐकलं तर पान्हा नटावरून घसरला. बघू, असं काहीतरी तो पुटपुटला. पण दुसऱ्याच दिवशी तो वकिलाकडे गेला आणि हक्कसोडपत्र तयार करायला सांगून आला. रजिस्ट्रेशनचा सोमवार ठरला. दुसरा सीटी त्याच्या आधीच्या आठवड्यात होता.

उल्हासनगरच्या सेंटरमध्ये मशीनने त्याला श्वास रोखायला सांगितलं आणि सोडायला सांगितलं. रिपोर्टच्या दिवशी तो पुन्हा अंबरनाथला डॉक्टरांच्या टेबलामागे जाऊन उभा राहिला. या वेळी अंजनीने शर्ट ओढला नाही, तीही त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. नव्यात ती जागा त्यांना बोट ठेवून दाखवावी लागली.

"घट्ट ठिपका गेलाय," त्या म्हणाल्या. "वाफही जवळपास विरलीय. ही पुसट रेघ म्हणजे सुजेचा उरलेला वण. वर्षाने एकदा सीटी करू, फक्त खात्रीसाठी. ऑपरेशन नाही, गोळी नाही. काळजी सोडा."

अंजनी जिन्यात बसून रडली. सुयोगला फोन झाला. रिक्षाने पुढे जा, मी बायला सांगून येतो, असं हिरामणने तिला सांगितलं.

अंबरनाथ ते खरवई हा रस्ता तो डोळे मिटूनही गेला असता. आता हलकं वाटायला हवं होतं. वाटतही होतं, पण त्याच्या खालून सोमवार वर येत होता. बाय सही देत होती ती डागापायी. डाग नाही म्हटल्यावर सही कशाला देईल? आणि डॉक्टरांनी वर्षाने परत बोलावलंय, हे काही खोटं नव्हतं. तेवढंच सांगायचं. बाकीचं सोमवारनंतर. सिग्नलला मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हिरवा कधीच लागलाय.

बाय दार उघडं टाकूनच वाट बघत होती.

"काय बोलली?"

"वर्षाने परत सीटी करायला सांगितलाय."

ती कॉटच्या कडेवर बसली. "म्हणजे हाय अजून."

तो दाराच्या बिजागरीकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने ती उठली, कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आधार कार्ड, पॅन कार्ड, स्टुडिओत जाऊन नवीन काढून आणलेले फोटो. दोन फोटो पुरतील ना, तिने विचारलं. अंगठा लागतो की सही चालते, तेही विचारलं. ती त्याच्याकडे पाठ करून बोलत होती आणि फोटो पाकिटातून काढता काढता एक फोटो खाली पडला.

"सोमवारी लवकर जाऊ, हिरू. आता लांबवायला नको."

हिरामणने फोटो उचलला. फोटोत बायने डोळे ताठ उघडे ठेवले होते, फोटोवाल्याने सांगितल्यासारखे.

"बाय," तो म्हणाला, "डाग गेलाय. नुसता वण उरलाय. वर्षाने बोलावलंय ते खात्रीला."

ती वळली नाही.

"मग आधी कनाला नाय सांगितलंस?"

त्याने फोटो कॉटवर ठेवला. बायने फोटोकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला कळलं असावं. तिने पिशवी हळूच कॉटवर ठेवली.

"सोमवारचं राहू दे," तो म्हणाला.

"बोललेय तर सही देईन मी."

"नको. तुझं नाव राहू दे तिथं."

ती पुन्हा बसली. पदराने तोंड पुसलं, एकदा, मग आणखी एकदा. बोलली तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"डाग गेला. मग आता येशील का नाय?"

हिरामणच्या पायात बूट अजून तसेच होते. तो खाली वाकला आणि नाड्या सोडायला लागला. एका नाडीची गाठ घट्ट बसली होती, ती सुटायला वेळ लागला. तोवर आत बायने गॅस पेटवला होता.