ज्वालामुखींमागचा समुद्र

खाण कंपनीनं गावसभेत बोलायला माझ्याच भावाला निवडलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या टोंगात बहीण समोर येऊन बसली की भावानं उठून जायचं असतं, आणि भावाची अब्रू राखायला बहीण सहसा तिकडे फिरकतच नाही. मी गावसभेला गेले नाही, की यांना रान मोकळं!

मी समुद्राचा तळ अभ्यासणारी बाई. आमच्या बेटांच्या पूर्वेला जुना तळ खोल खाली बुडतोय. तो बुडतो तशी आमची बेटंही पूर्वेकडे ओढली जातात, आणि ज्वालामुखींच्या ओळीमागे, फिजीच्या बाजूला, तळ फाटतो. भेगेतून तापलेला खडक वर येतो, थिजतो, नवा तळ होतो. फिजीची लाऊ बेटं एकेकाळी आम्हाला चिकटून होती. आजही दरवर्षी लांब जातायत. त्या भेगेत गरम पाणी ओकणारी दगडी धुरांडी आहेत. त्यांत तांबं साठलंय आणि अंगावर काळ्या गोगलगायींचे थर आहेत. कॅमेऱ्यातून मी पाहिलंय. कंपनीला ती फोडायची होती, आणि त्यासाठी गावाचा होकार हवा होता.

मी गेलेच. माझा भाऊ फेलेती सांगत होता, "भेग कधीच मेलीय. धुरांडी थंडगार पडलीत. तिथे मरणार काय, दगड?"

मी थेट त्याच्यासमोर जाऊन बसले. तो उठेल, मग मी बोलेन, एवढाच माझा हिशेब.

तो उठला नाही. कान लालबुंद झाले, पण तोंड चालूच. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भीती घालणारे पुष्कळ भेटतील तुम्हाला. ऐकू नका."

सभेत कावा, म्हणजे मुळ्यांचं पेय, वाढणाऱ्याचा हात थांबला. म्हातारे मानासेकाका गुडघ्यांवर हात टेकत उभे राहिले. "तू नाही उठत ना, पोरा? मग आम्हीच उठतो."

सगळे पुरुष बाहेर पडले, मागोमाग बायका. कसला होकार नि कसलं काय! "काय झालं? काय झालं?" करत कंपनीचा साहेब त्यांच्यामागे धावला.

मी जिंकले म्हणे. जिंकले डोंबल! त्या साहेबाचा गळा धरावा असा संताप आला होता, आणि समोर बसला होता माझा भाऊ.

"ऊठ की रे मेल्या!" मी ओरडले. "आता तरी ऊठ!"

"कुठे जाऊ, ताई?" तो म्हणाला. "मला आता घरात कोण घेणार?"

शेवटी मीच उठले.